नाकाला परवाना लागत न्हाई

बाईंच्या दिवाणखान्यात भिंतीवर तीन चौकटी होत्या. एक राजूरच्या गणपतीची, एक त्यांच्या आई-वडिलांची आणि तिसऱ्या चौकटीत राज्य सरकारने दिलेला मद्यसेवनाचा आजीवन परवाना. तिन्ही चौकटी एकाच उंचीवर टांगलेल्या होत्या आणि तिन्ही रोज पुसल्या जात.

मी खोली भाड्याने बघायला गेलो तेव्हा परवान्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असणार.

"वाचा, वाचा," बाई म्हणाल्या. "लपवायला टांगला न्हाई. त्याच्यात आरोग्यासाठी असं लिहिलंय बघा. मी क्लार्कला म्हणलं, मी ठणठणीत हाय, तुम्ही चवीसाठी लिहा. तो म्हणला, बाई, तसा रकानाच न्हाई."

मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सर्दी वर्षातून किती वेळा होते? तंबाखू खाता का? अत्तर लावता का? नोकरी, गाव, जात, लग्न यांतलं काही विचारलं नाही. नवीन जालन्यात घर शोधताना हा अनुभव मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. अट एकच होती. रविवारी सकाळी नऊ ते बारा वरच्या मजल्यावर फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही आणि फिनेल टाकायचं नाही. मी एका दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. रविवारी सकाळी मी स्वयंपाक करण्याची शक्यता नव्हती. मी खोली घेतली आणि चार वर्षं तिथे राहिलो.

बाई बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ओळीने ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि किती दाणे उगवले ते मोजायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. प्रयोगशाळेत येणाऱ्या पुडीवर ना वाणाचं नाव असे ना शेतकऱ्याचं. फक्त नंबर असे. त्यामुळे कोणाचं बियाणं पास होतंय आणि कोणाचं नापास, हे मोजणाऱ्याला कळत नसे. जगातली सगळी भांडणं या पद्धतीने मिटू शकतील असं बाईंचं मत होतं. त्यांचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या एकच वाक्य बोलत: "तो नमुना नापास झाला."

कंपनीने त्यांना एकदा तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी इटलीला पाठवलं होतं. उत्तरेकडच्या एका लहान गावात भाजीपाल्याच्या बियाण्याची तपासणी शिकायची होती. बाई ती शिकल्या. पण परत येताना त्यांनी आणखी एक गोष्ट आणली. त्या गावातले शेतकरी सकाळी अकराच्या सुमारास शेतातून येत, कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्यानेच फसफसणाऱ्या पांढऱ्या वाईनचा एक लहानसा ग्लास घेत, दोन शब्द बोलत आणि पुन्हा कामाला जात. दुसरा ग्लास कोणी मागत नसे.

"कोणी तोंड लपवून राह्यलं नव्हतं," बाई सांगत. "कोणी झिंगून बी राह्यलं नव्हतं. आपल्याकडं माणूस अंधारात जातो, पाठ फिरवून पितो आणि मंग बायकोला मारतो. मला वाटलं, हे लोक काय वेगळं करतात ते बघावं. तर फरक एवढाच, की ते दिवसा पितात आणि दार उघडं ठेवतात."

म्हणून बाईंची चाखणी रविवारी सकाळी अकराला होई आणि त्या वेळी रस्त्याकडचं दार सताड उघडं असे. गल्लीतली माणसं भाजी घेऊन जाताना आत बघत. काही थांबत. समोरच्या घरातल्या काकूंनी एकदा फाटकातूनच विचारलं, "काय हो मॅडम, सकाळी सकाळी?"

"अकरा वाजलेत. तुमचा दुसरा चहा झाला ना?"

"चहा वेगळा."

"बराबर. चहाला परवाना लागत न्हाई, पितो मंग आपण दिवसातून सहा वेळा. मी हे सात दिवसांतून एकदा घेते, आणि तेही मोजून."

काकूंनी फाटक सोडलं. बाईंनी दार लावलं नाही.

ही वाईन म्हणजे प्रोसेको. बाई फ्रेंच शॅम्पेनच्या वाटेला जात नसत. ती महाग असते आणि पेन्शनीत बसत नाही. प्रोसेकोत बुडबुडे आणायची पद्धत वेगळी असते. शॅम्पेनमध्ये वाईन दुसऱ्यांदा बाटलीत आंबवतात, एकेक बाटली सांभाळत बसतात. प्रोसेको एका मोठ्या बंद टाकीत एकदम आंबवतात आणि मग बाटल्यांत भरतात. मेहनत कमी, वेळ कमी, म्हणून किंमत कमी. बाई हे फार सोपं करून सांगत: "घरात चार माणसांची आंबील वेगवेगळ्या गाडग्यांत लावली काय आणि एका हंड्यात लावली काय. हंड्यातली वाईट असते का? न्हाई. ती हंड्यातली असते."

त्या छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून महिन्याला दोन-तीन बाटल्या आणत. जाताना थर्माकोलचा डबा न्यायच्या, येताना तो मांडीवर घेऊन एसटीने परत. दुकानदार बाटल्या काचेच्या कपाटात उन्हात उभ्या करून ठेवी. बाईंनी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः सगळ्या बाटल्या उचलून आतल्या खोलीत आडव्या ठेवल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "बियाणं असं उन्हात ठेवलं असतं तर तुमच्यावर केस झाली असती." त्याच दुकानदाराने त्यांना एकदा 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली सगळ्यात कमी गोड म्हणून विकायचा प्रयत्न केला.

"उलटं हाय," बाई म्हणाल्या. "कमी गोड पाहिजे तर ब्रूट. एक्स्ट्रा ड्राय त्याच्यापेक्षा गोड. नुसतं ड्राय त्याच्यापेक्षाही गोड. लेबल वाचलं म्हणजे समजलं असं होत न्हाई, मालक."

चाखणीची पद्धत त्यांनी प्रयोगशाळेतून जशीच्या तशी घरी आणली होती. बाटल्या कोणत्या आहेत ते त्यांना कळता कामा नये. त्यामुळे बाटल्या गुंडाळून त्यांना नंबर देणं हे भाडेकरू म्हणून माझं काम ठरलं. मी आदल्या दिवशीचा आमचाच पेपर वापरत असे. "पत्रकार, तुमचा पेपर एका कामाला तरी आला," असं त्यांनी मला पहिल्या रविवारी सांगितलं आणि नंतर अधूनमधून आठवण करून दिली.

ग्लास साबणाने धुतलेले चालत नसत. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात. ते गरम पाण्याने धुवून स्वच्छ फडक्यावर पालथे घातलेले असत. उंच, निमुळते ग्लास बाईंनी कधी घेतले नाहीत. "त्याच्यात नाक जात न्हाई. फोटो काढायचे ग्लास हायेत ते." बूच उडवायलाही मनाई होती. बूच घट्ट धरायचं आणि बाटली हळूहळू फिरवायची. आवाज यायचा तो एका उसाशाइतकाच. माझ्या हातून पहिल्यांदा बूच उडून पंख्याला लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, "फटाके वाजवायचे असतील तर दिवाळीला या."

मग वही. लांब, पुठ्ठ्याची, प्रयोगशाळेतल्यासारखी. तारीख, नमुना, रंग, बुडबुडे, वास, चव आणि शेवट, म्हणजे घोटानंतर मागे राहणारी चव, असे रकाने. चूक झाली तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे आणि बाजूला सही. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही. वासाच्या रकान्यात बाई माहितीपत्रकातले शब्द लिहीत नसत. माहितीपत्रकात लिहिलेलं असे पांढरं पीच. "मी पीच कधी खाल्लं न्हाई. मी कशाला लिहू?" बाई लिहीत: मोसंबीची साल. हिरवं सफरचंद. नाशपाती, दुसऱ्या दिवशीची. एका बाटलीपुढे नुसतं 'धुतलेली लोकर' असं होतं. ती नापास झाली.

त्यांच्या जुन्या कंपनीचे शेठ एकदा मुद्दाम फ्रेंच शॅम्पेनची बाटली घेऊन आले. बाईंची खोड मोडावी असा हेतू असावा. मी ती बाटली आणि बाईंची नेहमीची प्रोसेको दोन्ही पेपरात गुंडाळल्या. बाईंनी दोन्ही हुंगल्या, चाखल्या, लिहिलं. पहिला नंबर त्यांनी शॅम्पेनला दिला. मी कागद काढला. शेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"बघा मॅडम! शेवटी महाग ते महागच."

"चांगली हाय," बाई म्हणाल्या. "जास्त चांगली हाय, मी तसं लिहिलंय. किंमत किती?"

शेठनी सांगितली. ती बाईंच्या बाटलीच्या सहापट होती.

"सहापट चांगली न्हाई," बाई म्हणाल्या आणि पुढचं पान उघडलं.

नोकरीतही त्या अशाच वागल्या होत्या, असं मला कंपनीतल्या इतरांनी सांगितलं. एकदा याच शेठचा बियाण्याचा एक लॉट उगवणीत कमी पडला. पास लिहून अहवालावर सही करा, असं वरून सांगण्यात आलं. बाईंनी जे मोजलं होतं तेच लिहिलं. त्यांची बदली दोन वर्षांसाठी कंपनीच्या चाचणीच्या वावरात झाली. लॉट बाजारात गेला नाही. बाईंकडे मी हा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "वावरात हवा चांगली होती."

वहीत पुढे दुसरं अक्षर दिसू लागलं. बाईंच्या धाकट्या भावाची मुलगी त्यांच्याकडे राहायला आली. ती शेतकी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, वय अठरा. भाऊ जाफराबादजवळच्या गावात कापूस आणि सोयाबीन घेत. त्यांचे वडील मेंढ्या राखायचे. जमीन भावाच्या कष्टाने झाली होती. कोणतं बियाणं घ्यायचं हे भाऊ दरवर्षी अक्काला, म्हणजे बाईंना, विचारूनच ठरवत. या भावाला सगळे आप्पा म्हणत.

पहिल्याच रविवारी मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली, टेबलावरच्या ग्लासांवर वाकली आणि म्हणाली, "आत्या, दोन नंबरला भिजलेल्या खडूचा वास हाय."

बाईंनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग वहीत वासाच्या रकान्याचे रेघ मारून दोन भाग केले.

"पण मॅडम, ती एकवीसची नाही," मी म्हणालो.

"पिणार न्हाई ती. हुंगणार. नाकाला परवाना लागत न्हाई."

हा नियम कडक होता. मुलीचा ग्लास वेगळा, त्यात दोन बोटं वाईन. हुंगून झालं की ती मोरीत ओतायची. मी दोन वर्षं हे दर रविवारी पाहिलं. मुलीचं नाक बाईंपेक्षा तेज होतं आणि बाई ते सगळ्यांना सांगत. अडचण तिथेच झाली.

एका रविवारी आप्पांचे साडू गावाकडून तुरीची डाळ द्यायला आले. दार उघडंच होतं. त्यांनी दारातूनच मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात भिंतीवरचा परवाना, टेबलावरच्या बाटल्या आणि नाकाशी ग्लास धरलेली मुलगी एवढं स्पष्ट दिसत होतं. मोरीत ओतण्याआधीच तो संपत होता. डाळीची पिशवी उंबऱ्यावर ठेवून ते गेले. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ नातेवाइकांत सगळीकडे पोचला होता.

पुढच्या रविवारी आप्पा आले. सव्वाअकराला जीप दाराशी लागली. ते आत आले, बसले नाहीत. टेबलावर तीन नमुने तयार होते. मुलीचा पहिला नमुना हुंगून झाला होता आणि त्याची नोंद तिने लिहिली होती. मी उठून वर जायला लागलो.

"बसा पत्रकार," बाई म्हणाल्या. "काही खासगी न्हाई."

"बॅग भर," आप्पा मुलीला म्हणाले.

मुलगी जागची हलली नाही. "आप्पा, उद्या प्रॅक्टिकल हाय."

"प्रॅक्टिकल दिसलं सगळ्या गावाला. भर बॅग. कॉलेज बस झालं." मग ते बहिणीकडे वळले. "अक्का, मी तुझ्या भरवशावर पोरगी ठेवली होती. तुला काय करायचं ते कर, तुझं वय झालंय. पोरीला पाजायची काय गरज होती?"

"पाजली न्हाई."

"मंग काय, आंघोळ घातली?"

बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "दोन वर्षांचं हाय. चवीचा रकाना बघ. तिचं अक्षर कुठं दिसतंय का बघ."

आप्पा दहावी शिकलेले होते. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. ते घाई करत नव्हते. मला वही पाठ होती. काय होणार ते मला माहीत होतं आणि बाईंना माझ्याहून जास्त. त्यांनी ते पान आधी फाडलं नव्हतं.

आप्पा थांबले. त्यांनी बोट ठेवलं. "हे काय हाय?"

एका जुन्या तारखेला, नमुना तीनच्या चवीच्या रकान्यात मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. त्यापुढे बाईंच्या अक्षरात: नियमभंग. एक थेंब, बोटाने.

"मी चाखलं होतं," मुलगी म्हणाली. "आत्या आत गेल्ती तेव्हा. मंग मीच सांगितलं तिला."

"वही दाखवली कशाला मंग?" आप्पा बहिणीवर ओरडले. "तोंडानं पाजली न्हाई म्हणायचं, आणि पुन्हा हेच दाखवायचं?"

"तू विचारलंस. जे झालं ते लिहिलंय. खालचं बी वाच."

त्याखाली चार तारखा होत्या. चार रविवार. त्यांपुढे मुलीचे रकाने कोरे होते आणि प्रत्येकावर आडवी रेघ होती.

"या चार रविवारी तिला नमुन्याजवळ येऊ दिलं न्हाई," बाई म्हणाल्या. "ती तिथं, जिन्यावर बसायची. विचार पत्रकारांना."

"रडत होती," मी म्हणालो. मला विचारलं म्हणून सांगितलं.

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. "एका थेंबाला चार रविवार?"

"चार," मुलगी म्हणाली.

"मी तर दोन थपडा मारून सोडलं असतं." ते खुर्चीवर बसले. मग ते आवाज उतरवून, पण ठामपणे म्हणाले, "अक्का, तो कागद भिंतीवरून काढ. बाटल्या बंद कर. पोरगी राहील हितंच. मी लोकांना सांगतो झालं गेलं."

गोष्ट मिटण्यासारखी होती. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं.

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"न्हाई म्हणजे?"

"कागद राहील, बाटल्या राहतील, दार उघडं राहील. मी काही चोरून करत न्हाई, मंग चोरासारखं आवरून कशाला ठेवू? पोरीला न्यायचं तर ने. पण कॉलेज आत्याच्या दारूमुळं सुटलं असं सांगू नको. तुझ्या साडूच्या मोबाइलमुळं सुटलं, असं सांग."

"हट्टी हायेस तू."

"आप्पा, मी न्हाई येणार," मुलगी म्हणाली.

आप्पांनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांची नजर टेबलावर गेली. "हाय तरी काय असलं त्याच्यात?" असं म्हणत त्यांनी पहिला ग्लास उचलला. मला वाटलं ते तो मोरीत भिरकावणार. त्यांनी तो नाकाशी नेला. एकदा हुंगला, चेहरा वाकडा केला. पुन्हा हुंगला. डोळे मिटले.

"खरबूज," ते म्हणाले. "वेलावरचं. पिकायच्या एक दिस आधीचं."

बाईंनी त्यांच्यापुढची वही आपल्याकडे ओढली, त्या दिवसाचं पान उघडलं आणि पुन्हा त्यांच्याकडे फिरवून बोट ठेवलं. नमुना एक, वास, मुलीच्या अक्षरात: खरबूज, अर्धं कच्चं.

आप्पा ते वाचत होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. साडूंचा होता. साडू मोठ्याने बोलत, त्यामुळे दोन्ही बाजू खोलीत ऐकू येत होत्या.

"निघालात का पोरीला घेऊन?"

"न्हाई. उद्या प्रॅक्टिकल हाय तिचं."

"अन् ती दारू? बंद केली ना अक्कानं?"

"बंद कशाला? तिला परवाना हाय."

"आप्पा, काय बोलून राह्यले तुम्ही? तुम्ही बी घेतली का काय?"

"हुंगली."

आप्पा उठून दारात, भर उजेडात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या काकू फाटकाशी होत्या.

"ऐका पाव्हणं, पुन्हा डाळ आणाल तेव्हा माझा बी व्हिडिओ काढा. नीट काढा. नाक दिसलं पाहिजे."

"फोन ठेव आता," बाई आतून म्हणाल्या. "दोन नंबर गरम होऊन राह्यला."